लॉवेलच्या खडीवरची टिटवी

माणसाने आपल्या दारापुढचा ड्राइव्हवे दुरुस्त करावा, यात वास्तविक कोणाचं काही बिघडू नये. लॉवेल टॉर्गरसनने तो वर्षानुवर्षं दुरुस्त केला नव्हता तेव्हाही कोणाचं काही बिघडलं नव्हतं. या दोन स्थितींपैकी दुसरी जास्त सुखाची होती, हे त्याला फार उशिरा उमगलं.

सुरुवात केली समोरच्या व्हर्न कुबियाकने. व्हर्न म्हणजे आयुष्यभर दूधदुभत्याच्या गायी सांभाळून, आता त्या विकून गावात राहायला आलेला विधुर. गॅरेजचं दार उघडं टाकून, आत खुर्चीवर बसून, रस्त्याकडे बघत कॉफी पिणं हा त्याचा सध्याचा धंदा. त्याचा ड्राइव्हवे काँक्रीटचा होता आणि तो त्यावर इतकं पाणी मारी की, गायींना कधी एवढी आंघोळ मिळाली असेल की नाही, शंका आहे. एप्रिलच्या एका सकाळी त्याने लॉवेलच्या भेगाळलेल्या डांबराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "वेगळा आहे हं तुझा ड्राइव्हवे."

विस्कॉन्सिनच्या त्या भागात वाईट गोष्टीला कोणी वाईट म्हणत नाही. 'वेगळी' म्हणतात. वेगळी म्हटलं की संपलं. त्यापुढे फक्त अंत्यविधीची प्रार्थना उरते. उलट फारच आवडलं तर 'काही वाईट नाही' असं म्हणतात, पण ते क्वचित. व्हर्नने ते आयुष्यात दोनदा म्हटल्याची नोंद आहे: एकदा जत्रेत पहिल्या आलेल्या कालवडीबद्दल आणि एकदा स्वतःच्या संसाराबद्दल, तेही बायको गेल्यावर.

लॉवेल विमा कंपनीत होता. गारपिटीने कोणाचं छप्पर फुटलं, झाड कोणाच्या गाडीवर पडलं, ते बघून नुकसान ठरवायचं हे त्याचं काम. दुसऱ्याच्या नुकसानीकडे थंडपणे पाहणाऱ्या माणसाला स्वतःची एक भेग मात्र झोपू देईना. त्यातून जूनमध्ये मुलीची, ब्रिटाची, शाळा संपत होती. शाळा संपली की त्या गावात प्रत्येक घर आपलं गॅरेज धुऊन काढतं, लांब टेबलं मांडतं, हॅमचे पाव, लोणच्याच्या काकड्या आणि भला मोठा केक ठेवतं, पोराचे पाळण्यापासूनचे फोटो फळ्यावर चिकटवतं आणि अख्ख्या गावाला जेवायला बोलावतं. शनिवार हिवाळ्यातच वाटून घेतलेले असतात. आपला शनिवार हुकला की हुकला. पुढच्या शनिवारी गाव दुसऱ्याच्या गॅरेजात हॅम खात असतं. टॉर्गरसनांची आमंत्रणं गेली होती. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या वेगळ्या ड्राइव्हवेवरून चालत येणार होता.

तेव्हा लॉवेलने डेनी प्रोचनो नावाच्या काँक्रीटवाल्याला गाठलं. डेनीने एका दिवसात डांबर उखडलं, खडी पसरली, रोलर फिरवला, कडेने फळ्या ठोकल्या आणि पाऊस थांबला की काँक्रीट ओततो म्हणून गेला. पाऊस थांबला. डेनी आला नाही. पाऊस त्याच्या सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी एकदम थांबला होता.

दरम्यान लॉवेलला खडीचा नाद लागला. रोज संध्याकाळी तो दंताळं फिरवायचा, काटकी वेचायचा, गवताचं पातं दिसलं तर उपटायचा. साऱ्या गल्लीत इतकी सपाट, मोकळी आणि निर्मळ खडी दुसरी नव्हती. हे त्याच्याखेरीज आणखी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

एका सकाळी तो कामाला निघाला तर पायाशी एक पक्षी धडपडत होता. पाठ तपकिरी, पोट पांढरं, गळ्यात दोन काळे पट्टे. इथले लोक तिला किलडिअर म्हणतात. जात आपल्या टिटवीची, आणि घसाही. एक पंख जमिनीला घासत, शेपूट फिसकारून, ती अशी काही विव्हळत होती की दगडाला पाझर फुटावा. लॉवेल तर विमा कंपनीत असूनही मऊ मनाचा. तो घरात गेला, बायकोची, मार्सीची, धुण्याची टोपली घेतली, आत टॉवेल अंथरला आणि टिटवीला उचलायला वाकला. टिटवी जरा पुढे सरकली. तोही सरकला. अशी ती लंगडी मिरवणूक त्याच्या हिरवळीवरून रस्त्यावर आली, रस्त्यावरून व्हर्नच्या नव्याने पेरलेल्या गवतात शिरली आणि व्हर्नच्या कॉफीसमोरून मागच्या चरापर्यंत गेली. चराच्या काठावर टिटवीने मोडलेला पंख झटकला, दुसऱ्या चांगल्या पंखाशी त्याची जोडी जमवली आणि ओरडत उडून गेली. लॉवेलचा एक बूट चिखलात होता.

"धुणं वाळत घालायला हीच जागा बरी वाटली?" व्हर्नने विचारलं.

दुसऱ्या दिवशी लॉवेलने पुन्हा तीच टोपली काढली. माणूस भला असला की त्याच्या हातून असं होतं. काल उडाली म्हणून काय झालं, तेवढ्याने तिचा पंख आणखी दुखावला असणार, असं त्याचं म्हणणं होतं. या खेपेला मिरवणूक अर्ध्यावर असताना आर्लीन ड्रेगर आडव्या आल्या. आर्लीनबाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. गळ्यात दुर्बीण कायम.

"लॉवेल, टोपली खाली ठेव. तिला काहीही झालेलं नाही. कोल्हा अंड्यांपाशी आला की ती असंच सोंग करते, म्हणजे कोल्हा तिच्यामागे लागतो आणि अंड्यांपासून लांब जातो."

"मी कोल्हा नाही."

"ते तिला कुठे ठाऊक? तू दोनदा मागे आलास. आता मला सांग, ती ओरडायला लागली तेव्हा तू कुठे उभा होतास? तिथे जा. पाय जपून टाक."

तो गेला, खाली पाहिलं, काही दिसेना. मग खडीतल्या चार खड्यांवर ठिपके दिसू लागले. चार अंडी, टोकं आत आणि बुंधे बाहेर अशी फुलासारखी मांडलेली, गॅरेजच्या दारासमोर अगदी मध्यावर. घरटं म्हणावं तर काडी नाही. इतके दिवस तो जिचा केर काढत होता, ती ही बाळंतिणीची खोली.

त्याने वन्यजीव कार्यालयाला फोन लावला. हरिण असेल तर एक दाबा, अस्वल असेल तर दोन, रानहंस चावला असेल तर तीन. टिटवीला आकडा नव्हता. बऱ्याच संगीतानंतर एक सौम्य बाई आल्या. त्यांनी सांगितलं की अंड्यांना हात लावायचा नाही, ती हलवायची नाहीत, देशाचा कायदा आहे. हलवायचीच तर परवाना लागेल, तो दुसऱ्या कार्यालयातून मिळतो, आणि तो येईपर्यंत पिल्लं स्वतःच परवाना आणायला जाण्याएवढी मोठी झालेली असतील. साधारण तीन-चार आठवडे बसते ती. कधीपासून बसली? लॉवेलला सांगता येईना. मग कधी उठेल ते आम्हालाही सांगता यायचं नाही, असं बाई म्हणाल्या आणि आपला दिवस छान जावो म्हणाल्या.

डेनीला तर हर्ष झाला. इतके दिवस उशीर त्याच्याकडून होता, आता टिटवीकडून होता. ती उठली की फोन कर, असं तो फार मोठ्या मनाने म्हणाला.

मग सल्ले आले. व्हर्नचं मत पडलं की रोज फावड्याने अंडी हातभर सरकवावीत, फुलांच्या वाफ्यापर्यंत, कोण मोजतंय? मोजायला आर्लीनबाई होत्या. त्यांनी घडीची खुर्ची आणून फुटपाथवर मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टिटवीचं चरित्र सांगायला सुरुवात केली. ब्रिटाने शाळेतून नारिंगी शंकू आणून भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: 'हळू चला, बाळंतपण चालू आहे.' लोक गाड्या थांबवून बघू लागले. कोणी येताना वड्या घेऊन येई, कोणी तळलेलं चीज. टिटवीला भेटायला आलेल्या माणसांना कॉफी मात्र लॉवेलच्या घरची.

"चिडतोस काय?" मार्सी म्हणाली. "सबंध गल्ली सोडून तिने तुझी खडी निवडली. व्हर्नकडे नाही बसली. कौतुक समज."

त्यातून आर्लीनबाईंनी जाहीर केलं की या जातीत रात्रीच्या बसण्याचं काम बहुतेक नराकडे असतं. हे ऐकल्यावर मार्सीने नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यात ब्रिटाच्या तान्हेपणाची सगळी जागरणं होती. पुढे ऊन तापलं तेव्हा टिटवी पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची. पाणी कुठून आणते, तर व्हर्नच्या हिरवळीवरच्या फवाऱ्यातून. व्हर्न फवारा दुपारभर सुरू ठेवू लागला. गवतासाठी म्हणे. तेवढ्या पाण्यात गवताच्या जागी भात आला असता.

हे सगळं गमतीचं खरं, पण शनिवार जवळ येत होता. काँक्रीटची आशा केव्हाच गेली होती. आता मेजवानीच अडली होती. गॅरेजपुढे दीडशे माणसं हिंडू लागली तर टिटवी अंड्यांवर बसायची नाही, आणि जूनच्या उन्हात अंडी शिजतील. चर्चचा हॉल त्या दिवशी दुसऱ्यांचा. मागच्या अंगणात भलताच उतार. तिथे टेबलावरची काकडी ठेवल्याबरोबर कुंपणापर्यंत गेली असती. मोकळं, सपाट, धुतलेलं असं एकच गॅरेज गल्लीत होतं आणि त्यात व्हर्न कॉफी पीत बसला होता.

आणि व्हर्नने विचारलं नव्हतं असंही नाही. एकदा हवापाण्याचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला होता की त्या शनिवारी माझं गॅरेज काही कामात नाहीये. लॉवेल म्हणाला, नको नको, तुला कशाला त्रास. मग आठवड्याने टपालपेटीपाशी व्हर्न म्हणाला की टेबलं माझ्याकडे मावतील बहुतेक. लॉवेल म्हणाला, छे छे, करू काहीतरी.

आता इथली रीत अशी की पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, तू म्हणतोसच तर, असं म्हणून घ्यायचं. पंगतीत जिलबीला नको म्हणणाऱ्याचा हात पानावर आडवा असतो, पण बोटं फाकलेली असतात, त्यातलीच ही तऱ्हा. जो पहिल्यांदाच हो म्हणतो तो अधाशी, आणि जो तिसऱ्यांदा नाही म्हणतो तो मनापासून नाही म्हणतोय असं धरतात. लॉवेल बोटं फाकून तिसऱ्या खेपेची वाट बघत राहिला. ती आली नाही. व्हर्न हवेबद्दल बोलायचा, गवताबद्दल बोलायचा, गॅरेजचं नाव काढायचा नाही.

"जाऊन माग ना," मार्सी म्हणाली.

मागायचं? तिने त्याला रविवारी चर्चमध्ये बिनकपड्यांनी जायला सांगितलं असतं तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता. लोक काय म्हणतील, व्हर्न काय म्हणेल, 'वेगळा आहे हं तुझा स्वभाव' म्हणेल.

त्या संध्याकाळी ब्रिटा फोटोंच्या फळ्याशी बसली होती. फळा अर्धा झाला होता. तिने डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं.

"डॅड, राहू दे पार्टी. मी उद्या सगळ्यांना कळवते. आपण तिघं घरात केक खाऊ."

"तुला चालेल?"

"हो, चालेल की," ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या समजूतदारपणे म्हटलं की लॉवेलला जेवण गेलं नाही. पोर हट्ट करती तर बरं, असं बापाला क्वचित वाटतं.

तरीही चर्चने द्यायची कबूल केलेली टेबलं दुसऱ्या दिवशी येऊन पडली. ट्रकवाला ती रस्त्याकडेला उतरवून गेला. निदान आपल्या गॅरेजात तरी नेऊन ठेवू म्हणून लॉवेलने पहिल्या टेबलाचं एक टोक उचललं, तर दुसरं टोक आपोआप उचललं गेलं. मागे व्हर्न होता. मदतीला इथे विचारायचं नसतं. नुसतं दुसरं टोक धरायचं असतं. मग नको म्हणायला जागाच राहत नाही. पाठीत कळ नको म्हणून दोघांनी ते लांबलचक टेबल डोक्यावर पालथं घेतलं, व्हर्न पुढे, लॉवेल मागे. दोघांची डोकी फळीखाली झाकली गेली आणि खाली फक्त चार पाय उरले. दोरीला वळसा घालून ते बाजूच्या दाराकडे निघाले.

टिटवी उठली. लॉवेलला वाटलं, आता पंख मोडणार. पंख मोडला नाही. अंगावरचं पीस न् पीस फुलवून, केशरी शेपटीचा पंखा करून, कर्कश ओरडत ती थेट त्यांच्या गुडघ्यांवर धावून आली. वीतभर पक्षी, पण आवेश असा की पुढचे दोन पाय मागे वळले, मागचे दोन पुढेच जात होते, आणि मध्ये जे व्हायचं ते झालं. टेबल हिरवळीवर, व्हर्न टेबलावर आणि लॉवेल टेबलाच्या कडेला.

फुटपाथवरच्या खुर्चीतून आर्लीनबाईंचा आवाज आला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कोल्ह्याला ती फसवते, कारण कोल्हा अंडी खातो. गाय काही अंडी खात नाही, पण गायीला कळतही नाही आणि ती तुडवत जाते. तिच्यापुढे सोंग करून काय उपयोग? म्हणून गायीच्या ती तोंडावर धावून जाते, म्हणजे गाय बाजूने जाते. "तिने तुम्हाला गाय धरलं," त्या म्हणाल्या. "चार पाय दिसले ना तिला."

व्हर्नने हे गंभीरपणे ऐकून घेतलं. सबंध आयुष्य गायींत काढलेला माणूस. गोष्ट त्याच्या खात्यातली होती.

"पुढचा भाग कोण होता?" त्याने विचारलं.

"तू."

"मग ठीक आहे."

आणि तो हसायला लागला. खांदे हलायला लागले, टेबल हलायला लागलं. लॉवेलला आधी राग आला, मग वाटलं, खरंच, रागावण्यासारखं काय आहे? इतके दिवस ती आपल्याला अंडीचोर समजत होती. आज निदान वेंधळं पण सज्जन जनावर समजली. बढतीच म्हणायची. तोही हसू लागला, आणि त्या हसण्याच्या भरात, शुद्धीवर असताना कधीच बोलला नसता ते बोलून गेला.

"व्हर्न, तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस."

"विचारलं की. पहिल्यांदा म्हणालो, ड्राइव्हवे उखडलाय तर गाडी माझ्याकडे लावत जा. तू म्हणालास नको. मग गॅरेजचं म्हणालो, मग टेबलांचं. तीनदा नको म्हणालास. मला वाटलं, याला माझ्याकडे नकोच आहे."

"गाडीचं धरतोस तू त्यात?"

"गाडी उभी कुठे राहिली असती? गॅरेजच्या दारातच ना?"

लॉवेलने नुकसान ठरवणाऱ्या माणसासारखा विचार केला. दावा अगदीच बिनबुडाचा नव्हता.

"मग आता चौथ्यांदा विचार."

"चौथ्यांदा कोणी विचारत नाही," व्हर्न म्हणाला. तो उठला, पँट झटकली आणि टेबलाचं टोक धरलं. "उचल. माझ्याकडे न्यायचंय तर तोंड तिकडे करावं लागेल. आणि या वेळी पुढे तू."

टेबलं रस्ता ओलांडून गेली. व्हर्नच्या गॅरेजात त्यांच्यासाठी जागा आधीच मोकळी होती, भिंती पुसलेल्या होत्या आणि छताला दिव्यांची माळ लावलेली होती. ती नाताळची आहे, काढायची राहिली, असं व्हर्न कोणी न विचारता म्हणाला. ब्रिटाने डिंकाचं झाकण काढलं.

शनिवारी सकाळी अंडी फुटली. काड्यांवर कापूस खोचावा तशी चार पिल्लं. आर्लीनबाईंनी ओरडून सांगितलं की या जातीची पिल्लं अंगावरची ओल सुकली की पळायलाच लागतात, घरट्यात भरवणं वगैरे लाड नाहीत. लॉवेलच्या मनात आलं की आता टेबलं परत आणता येतील, आपला शनिवार आपल्या दारात होईल. त्याने मार्सीकडे पाहिलं. मार्सीने नुसती मान हलवली. एकदा घेतलेली जिलबी परत करत नाहीत.

दुपारी गॅरेज फुलून गेलं. ब्रिटा फोटोंपाशी उभी राहून, तीन वर्षांची असताना आपण रडत का होतो, ते लोकांना समजावत होती. हॅम निम्म्यावर आलं होतं तेवढ्यात आर्लीनबाईंनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. समोरच्या खडीवरून टिटवी निघाली होती आणि तिच्यामागे चार कापूस. त्यांना व्हर्नच्या घरामागचा चर गाठायचा होता, आणि वाटेत दीडशे माणसांचं जेवण होतं. लॉवेल हातातली बशी घेऊन रस्त्याच्या मध्यभागी गेला आणि येणारा ट्रक अडवला. आत डेनी प्रोचनो होता, तो कामाला आला नव्हता, हॅमला आला होता. टिटवीने रस्ता ओलांडला, धुतलेल्या काँक्रीटवर चढली आणि थेट गॅरेजात शिरली. लोकांनी पाय जागच्या जागी धरले. टेबलांखालून, बुटांमधून, केकच्या सावलीतून ती चार पिल्लं मागच्या दाराने बाहेर पडली आणि गवतात दिसेनाशी झाली.

रस्ता ओलांडताना टिटवी लॉवेलच्या बुटाजवळून गेली होती. तिने पंख मोडला नाही, शेपूटही फुलवली नाही. त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लॉवेल बशी घेऊन गॅरेजात परतला.

"यापुढे कोणाच्या पार्टीला मजा येणार नाही," ब्रिटा म्हणाली, आणि बापाच्या बशीतला हॅम उचलून खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात काँक्रीट पडलं. ते ओलं असेपर्यंत लॉवेल खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला होता. वाळल्यावर एका संध्याकाळी व्हर्न आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, "काही वाईट नाही."

लॉवेलने ते नीट मुरू दिलं. पण व्हर्न जाईना. हवेबद्दल बोलला, डासांबद्दल बोलला, निघतो म्हणाला आणि पुन्हा उभा राहिला. शेवटी म्हणाला की टिटवीने दुसऱ्यांदा अंडी घातलीत. त्याच्या बोटीची गाडी, मोटारीमागे ओढायची ती, गॅरेजच्या बाजूला खडीवर उभी होती ना, तिच्या चाकाला लागूनच. आणि उत्तरेच्या तळ्यावर मासे धरायला जायचा आठवडा तर तोंडावर आलाय. त्याला काही फरक पडत नाही म्हणा. नाही गेलं तर नाही गेलं.

"माझी बोट ने," लॉवेल म्हणाला.

"नको नको."

"ने रे. नुसती पडून आहे."

"छे, तुला कशाला त्रास."

लॉवेलने आठवडा जाऊ दिला नाही. टपालपेटीपर्यंतही जाऊ दिलं नाही. जिथे उभा होता तिथेच, श्वासही न घेता तिसऱ्यांदा म्हणाला.

"बरं," व्हर्न म्हणाला, "तू म्हणतोसच तर." आणि त्याने खिशातून बोटीची गाडी मोटारीला जोडायचा आकडा काढला. तो घरून निघतानाच घेऊन आला होता.